विसरणं सुरू होतं तिथं

श्रोतेहो, नमस्कार.

गणपतीला चाकरमानी गावी येतात आणि वर्षभर फोनवर लक्षात न आलेली गोष्ट दोन दिवसांत दिसते. आई तासाभरात तोच प्रश्न चौथ्यांदा विचारते. मोदकांच्या उकडीचं पाणी आयुष्यभर नजरेनं घेणारी बाई पीठ हातात घेऊन उभी राहते, पुढचं काही सुचत नाही. घरचे म्हणतात, वय झालं. भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे आणि खेड्यांत त्याचं प्रमाण शहरांपेक्षा जास्त आढळलं आहे. त्याचं सर्वांत मोठं कारण अल्झायमर.

या आजाराचं वर्णन जर्मनीत डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली केलं. मृत रुग्णाच्या मेंदूत त्यांना दोन गोष्टी दिसल्या: पेशींच्या बाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता. थर अॅमिलॉइड बीटा नावाच्या प्रथिनाचे असतात, गुंता टाऊ प्रथिनाचा. पेशीच्या आवरणात एक मोठं प्रथिन असतं. दोन विकरं, म्हणजे एन्झाइम, ते एकामागोमाग दोन ठिकाणी कापतात आणि ४० किंवा ४२ अमिनो आम्लांचा तुकडा सुटतो. ४२चा तुकडा जास्त चिकट, तो लवकर गोळा होतो. इथपर्यंतची माहिती पुष्कळांनी ऐकलेली असेल. पण थर साचायच्या आधी काय बिघडतं, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि त्यावर आपल्याच देशात फार मोलाचं काम झालं आहे.

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत डॉ. विजयालक्ष्मी रवींद्रनाथ यांच्या गटानं दोन मज्जापेशी जिथं एकमेकींशी बोलतात त्या सांध्याकडे, म्हणजे सायनॅप्सकडे, लक्ष दिलं. संदेश घेणाऱ्या पेशीच्या फांदीवर तिथं बारीक उंचवटे असतात, एक-दोन मायक्रोमीटरचे. त्यांचा आकार अॅक्टिन प्रथिनाचे धागे टिकवून धरतात. खळ्यातला मांडव जसा चिव्याच्या काठ्यांवर उभा असतो, तसा हा उंचवटा अॅक्टिनवर उभा असतो. अॅक्टिन दोन रूपांत असतं: सुटे मणी आणि मण्यांची माळ. माळ सतत बांधली जाते आणि सुटत असते. सुटण्याचा वेग वाढला की उंचवटा खचतो आणि सांधा निकामी होतो, पेशी मात्र अजून जिवंत असते.

हे मोजतात कसं? उंदराचा मेंदू अर्ध्या ग्रॅमचासुद्धा नसतो. तो लगेच बर्फावर घेऊन साखरेच्या थंडगार द्रावणात अलगद कुटतात. हे द्रावण ०.३२ मोलर, म्हणजे लिटरला साधारण ११० ग्रॅम साखर. साध्या पाण्यात सायनॅप्सच्या पिशव्या फुगून फुटतात, साखरेमुळे त्या शाबूत राहतात. मग यंत्रात फिरवायचं: आधी कमी वेगानं, म्हणजे केंद्रकं आणि न फुटलेल्या पेशी तळाला बसतात, मग वरचं पाणी जास्त वेगानं, म्हणजे सांध्यांचे तुकडे खाली येतात. त्यातली माळ किती आणि मणी किती हे वेगळं मोजतात. इथं उशीर किंवा ऊब चालत नाही. नमुना खराब झाला की आजारी मेंदू व निरोगी मेंदू यांतला फरकच पुसला जातो.

या गटानं २०१८ साली प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा: मानवी अल्झायमरची जनुकं घातलेल्या उंदरांत अवघ्या एका महिन्याच्या वयात सांध्यातली अॅक्टिनची माळ सुटू लागली होती. दोन महिन्यांचे झाल्यावर त्यांची आठवण कमी पडली. या जातीच्या उंदरांत अॅमिलॉइडचे थर दिसायला साधारण सहा महिने लागतात. म्हणजे विसरणं आधी, थर नंतर. त्यांनी आणखी पुढं जाऊन पाहिलं. जास्प्लाकिनोलाइड हे समुद्री स्पंजातून मिळणारं रसायन माळ घट्ट ठेवतं. ते दिल्यावर या उंदरांना आठवू लागलं. लॅट्रंक्युलिन हेही स्पंजातलंच, पण माळ सोडवणारं; ते दिल्यावर निरोगी उंदीरसुद्धा विसरले. अशी दोन्ही बाजूंनी खात्री केल्यावर, निदान या उंदरांत तरी माळ सुटणं हे विसरण्याचं कारण आहे, याला भक्कम आधार मिळतो. मृत्यूनंतर तपासलेल्या मानवी मेंदूंतही अल्झायमर असलेल्यांत आणि नुकती विसर पडू लागलेल्यांत ही माळ कमी आढळली. मात्र जास्प्लाकिनोलाइडचं औषध होणार नाही. अॅक्टिन हृदयात आणि स्नायूंतही आहे, सगळीकडचं गोठवून भागत नाही.

याच गटाचं २०१२चं एक काम मात्र अर्धवट सांगितलं जातं. अश्वगंधाच्या मुळाचा अर्धशुद्ध अर्क ३० दिवस तोंडावाटे दिल्यावर आजारी उंदरांची स्मृती सुधारली आणि मेंदूतलं अॅमिलॉइड कमी झालं. अर्काचं काम मेंदूत नाही, यकृतात चाललं होतं: तिथं एलआरपी नावाचं प्रथिन वाढलं आणि अॅमिलॉइड मेंदूतून रक्ताकडे ओढलं गेलं. संशोधन सुंदर आहे. पण ते उंदरांवरचं आहे आणि अर्क मोजून तयार केलेला होता. बाजारातल्या पुडीत काय आणि किती, ते त्यावरून ठरत नाही. अश्वगंधा घेतलेल्या काही माणसांत कावीळ आणि यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, थायरॉइडच्या गोळीशीही तिचा संबंध येतो. पुडी आणलीच असेल तर डॉक्टरांना दाखवा, लपवू नका.

नव्या औषधांपैकी लेकॅनेमॅब अॅमिलॉइड काढून टाकतं. त्याला २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळाली. सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी शिरेतून द्यायचं, मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होतो का हे पाहायला पुन्हा पुन्हा एमआरआय करायचा, आणि लाभ एवढाच की १८ महिन्यांत घसरण सुमारे २७ टक्क्यांनी मंदावते. गेलेली आठवण परत येत नाही.

म्हणून चाळिशी-पन्नाशीतल्या श्रोत्यांनो, मेंदूतले हे सांधे शाबूत असतानाचा काळ तुमच्या हातात आहे. वरचा रक्तदाब १३०च्या आत ठेवा. मोजण्याआधी पाच मिनिटं पाठ टेकून बसा, दंड छातीच्या पातळीत टेकवा. पावसाळ्यात सुकी खारवलेली मासळी, पापड, लोणचं एकाच जेवणात आलं की मीठ नकळत वाढतं. कमी ऐकू येत असेल तर कान तपासून घ्या. ऐकण्यातली उणीव हे स्मृतिभ्रंशाचं टाळता येण्याजोगं एक मोठं कारण आहे.

घरात विसर सुरू झालीच असेल तर आधी बरी होणारी कारणं शोधायची. बी १२, थायरॉइड, साखर, सोडियम, क्रिएटिनिन या तपासण्या करा. मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी १२ कमी होऊ शकतं. शेवाळलेल्या पायरीवर घसरून डोकं आपटलं असेल तर कवटीखाली हळूहळू रक्त साठतं आणि काही आठवड्यांनी गुंगी, विसर, चालण्यात तोल जाणं सुरू होतं. तेव्हा सीटी स्कॅन हवाच, कारण शस्त्रक्रियेनं हे बरं होतं. गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक उठला असेल तर तो सहसा अल्झायमर नसतो. लघवीचा संसर्ग, ताप, सोडियम कमी होणं पाहायला त्याच दिवशी दवाखाना गाठा.

डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या. सर्दी-खाजेच्या जुन्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, वारंवार लघवी लागणं कमी करणाऱ्या काही गोळ्या म्हाताऱ्या मेंदूला गुंगवतात आणि त्या बदलल्या की फरक पडतो. डोनेपेझिल ही अल्झायमरवरची गोळी सुरू करायची ठरली तर नाडी किंवा ईसीजी आधी बघितला का, ते विचारा, कारण तिनं ठोके मंदावू शकतात. आणि सोबत जाईल ते रोज त्या माणसाजवळ राहणारं कुणीतरी असावं. विसर कधीपासून, कोणतं काम आधी जमेनासं झालं, हे कागदावर लिहून न्या. मुंबईहून आलेल्या मुलापेक्षा ते शेजघरातल्या सुनेला नेमकं माहीत असतं.