क्वो वादिस : लबाडाला मिळालेली क्षमा

(पडद्यावर: रोमचा जुना नकाशा. सर्कस मॅक्सिमसपाशी एक ठिपका तांबडा होतो आणि पसरत जातो.)

इसवी सन 64. 18 जुलैची रात्र. रथांच्या शर्यती जिथे होत, त्या सर्कस मॅक्सिमसला लागून असलेल्या दुकानांत आग लागली. दुकानांत चटकन पेट घेणारा माल, वर वारा आणि पुढे अरुंद, वाकड्यातिकड्या गल्ल्या. सहा दिवस आग धुमसत राहिली, आटोक्यात आली असं वाटलं तोच पुन्हा भडकली. शहराच्या चौदा विभागांपैकी फक्त चार शाबूत राहिले. तीन तर जमीनदोस्त झाले.

रोम जळत होतं आणि नीरो फिडल वाजवत होता, हे वाक्य आपल्याकडच्या अग्रलेखांत आणि भाषणांत अजूनही ऐकू येतं. फिडल तेव्हा जगात नव्हतंच. नीरो वाजवायचा ते किथारा नावाचं तंतुवाद्य. आणि आग लागली तेव्हा तो रोममध्ये नव्हता, समुद्रकाठच्या अँटियम गावी होता. परत आल्यावर त्याने बेघरांसाठी आपल्या बागा उघडल्या, धान्याचा भाव उतरवला. पण शहर जळताना सम्राट ट्रॉयच्या विनाशाचं गाणं म्हणत होता, ही कुजबुज काही थांबेना. ती थांबवायला कुणीतरी गुन्हेगार हवा होता. ख्रिस्ती मंडळी सापडली.

हे सारं आपल्याला कळतं ते टॅसिटस या रोमन इतिहासकारामुळे. आग लागली तेव्हा तो लहान मुलगा होता. लिहिलं त्याने पुष्कळ वर्षांनी. ख्रिस्ती लोकांबद्दल त्याला काडीचं प्रेम नाही, त्यांच्या श्रद्धेला तो घातक अंधश्रद्धाच म्हणतो. तरीही तो नोंदवतो की काहींना जनावरांची कातडी पांघरून कुत्र्यांपुढे टाकलं, काहींना क्रुसावर चढवलं आणि काहींना अंधार पडल्यावर दिव्यांसारखं पेटवलं. नीरोने या तमाशासाठी आपल्या बागा दिल्या होत्या. पुढे टॅसिटस असंही सांगतो की बघणाऱ्यांना हळूहळू दया येऊ लागली, कारण ही माणसं लोकांच्या भल्यासाठी नव्हे, एका माणसाच्या क्रौर्यापायी मरतायत असं त्यांना वाटू लागलं.

मूळ मजकूर एवढाच, थोड्या ओळींचा. त्यातून 1800 वर्षांनी एक जाडजूड कादंबरी उभी राहिली. तिचं नाव ‘क्वो वादिस’.

(पडद्यावर: एकोणिसाव्या शतकातलं वॉर्सा. रस्त्यावर रशियन पाट्या.)

लेखक हेन्रिक शेंकेविच. पोलिश. 1895 च्या मार्चमध्ये वॉर्साच्या ‘गझेटा पोल्स्का’ या दैनिकात ही कादंबरी क्रमशः छापायला सुरुवात झाली आणि वर्षभरात ती पूर्ण झाली. त्या काळी नकाशावर पोलंड नावाचा देशच नव्हता. अठराव्या शतकात तीन वेळा फाळणी करून रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने तो वाटून घेतला होता. वॉर्सात झारचं राज्य, शाळांतून पोलिश भाषेची हकालपट्टी आणि छापायच्या प्रत्येक ओळीवर सेन्सॉरची नजर.

अशा ठिकाणी बसून एक लेखक नीरोच्या दरबाराबद्दल लिहितो. वरकरणी विषय अठराशे वर्षांपूर्वीचा, सेन्सॉरला हरकत घ्यायला जागा नाही. पण नायिका लिजिया कोण? लुगी टोळीच्या राजाची मुलगी, रोममध्ये ओलीस ठेवलेली. या टोळीची भूमी म्हणजे पुढे जिथे पोलंड झाला तोच मुलूख. तिचा रक्षक उर्सस हा तिच्याच टोळीतला धिप्पाड माणूस. कादंबरीच्या शेवटाकडे लिजियाला एका प्रचंड रानबैलाच्या शिंगांना बांधून आखाड्यात सोडतात आणि उर्सस नुसत्या हातांनी त्या बैलाची मान मोडतो. तो बैल जर्मेनियातून आणलेला आहे, हेही लेखक सांगतो. जर्मन प्रशियाच्या टाचेखालच्या पोलिश वाचकाला आणखी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

मला हा संदर्भ ठाऊक झाल्यावर ही कादंबरी वेगळी दिसू लागली. केवळ धार्मिक कथा म्हणून ती वाचली तर अर्धी हातातून निसटते. हातात शस्त्र नसलेल्यांनी सत्तेपुढे उभं कसं राहायचं, हा प्रश्न लेखकाच्या घरातला होता.

(पडद्यावर: संगमरवरी पुतळे, रोमन घराचा चौक.)

आता माझं मत स्पष्टच सांगते. या पुस्तकातलं नायक-नायिकेचं प्रेम हा त्याचा सर्वांत अशक्त भाग आहे.

विनिशियस हा तरुण रोमन अधिकारी लिजियाला पाहतो आणि ती त्याला हवी होते, घरातली एखादी वस्तू हवी असावी तशी. तो तिला सम्राटाच्या हुकमाने पालकांच्या घरातून उचलून आणवतो. ती निसटल्यावर, त्याला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलेल्या म्हाताऱ्या गुलामाला तो संतापाच्या भरात ठार मारतो. इथपर्यंत लेखक निर्भीड आहे, नायकाचं काहीही झाकत नाही. पुढे विनिशियस बदलतो आणि तो बदल आपण पायरीपायरीने पाहतो, तेही ठीक. पण लिजिया? ती शुद्ध आहे, सुंदर आहे, प्रार्थना करते आणि बहुतेक वेळ वाट पाहते. जिच्यासाठी एवढं रामायण घडतं, तिच्या मनात काय चाललंय हे आपल्याला फारसं कळतच नाही.

आणखी एका गोष्टीवर मी ठाम आहे. आगीचा ठपका ख्रिस्ती लोकांवर कसा आला हे सांगताना शेंकेविच नीरोपुढे ज्यू धर्मगुरूंना आणून उभं करतो. टॅसिटसच्या वृत्तांतात याला कसलाही आधार नाही. युरोपात ज्यूंवर शतकानुशतकं जे आरोप झाले, त्यात ही एक भर पडली. लेखक कितीही मोठा असला तरी ते पान वाचताना थांबावं आणि हे खोटं आहे असं स्वतःशी म्हणावं.

पेट्रोनियसची गोष्ट मात्र निराळी. तो विनिशियसचा मामा आणि नीरोचा मर्जीतला दरबारी. हा माणूस इतिहासात खरोखर होऊन गेला. टॅसिटस सांगतो की तो दिवसा झोपायचा, रात्री कामं आणि मौज करायचा, आणि सुंदर काय, सुरुचीचं काय, हे दरबारात त्याच्या शब्दावर ठरायचं. शेंकेविचने त्याला हुशार, आळशी, धीट आणि मनातून थकलेला रंगवलाय. नीरोच्या भिकार कवितेला तो तोंडावर भिकार म्हणतो आणि लगेच अशी कलाटणी देतो की नीरो खूश होतो. जीव मुठीत धरून बोलायची ही कसरत पानोपानी आहे, आणि ती वाचताना झारच्या राजवटीत लिहिणारा लेखक आठवतोच.

पण लेखक त्याचीही दुसरी बाजू दाखवतो. युनिस ही त्याची गुलाम मुलगी त्याच्यावर इतकं प्रेम करते की रात्री त्याच्या पुतळ्याचं चुंबन घेते. मला या घरातून पाठवू नका, असं ती विनवते तेव्हा हा सुरुचीचा राजा तिला पंचवीस फटक्यांची शिक्षा फर्मावतो आणि वर सांगतो, कातडी खराब होऊ देऊ नका. ते वाक्य वाचून माझ्या अंगावर काटा आला होता. रोमचं सारं सौंदर्य कुणाच्या पाठीवर उभं होतं, ते एवढ्यात कळतं.

ख्रिस्ती शिकवण पेट्रोनियसला कळते, पटत नाही. विनिशियसला तो पत्रातून कळवतो, त्याचा आशय असा: माझी पालखी वाहणाऱ्यांवर, माझं न्हाणीघर तापवणाऱ्यांवर मी प्रेम करू? नीरोवर आणि त्याच्या अंगरक्षकांचा प्रमुख टिगेलिनस, त्याच्यावर करू? मनात आणलं तरी मला ते जमणार नाही. हे उत्तर प्रामाणिक आहे. श्रद्धाळू लेखकाने अश्रद्ध पात्राला इतका आब राखून बोलू दिलं, हे मला फार मोठं वाटतं. नीरोची मर्जी फिरल्यावर पेट्रोनियस मेजवानी देतो, सम्राटाला शेवटचं झणझणीत पत्र धाडतो आणि नसा कापून घेतो. युनिस त्याच्यासोबत मरण पत्करते. खऱ्या पेट्रोनियसनेही असंच केलं. इसवी सन 66 मध्ये, इटलीतल्या क्युमी इथे. मरण्याआधी त्याने तीन लाख सेस्टर्स (रोमन नाणी) किमतीचं एक पात्र फोडून टाकलं, नीरोच्या हाती पडू नये म्हणून.

(पडद्यावर: हेन्रिक सेमिराड्स्कीचं ‘नीरोच्या मशाली’ हे 1876 चं भव्य चित्र. कॅमेरा खांबांवरून संथपणे सरकतो.)

ज्या पात्रासाठी मी ही कादंबरी पुन्हा वाचेन ते मात्र पेट्रोनियसही नाही. ते आहे खिलॉन.

खिलॉन हा ग्रीक. स्वतःला तत्त्वज्ञ म्हणवतो, पोट भरतो हेरगिरीवर. बोलण्यात गोड, पैशाला हपापलेला, भित्रा. ग्लॉकस नावाच्या वैद्याचा त्याने घात केलाय, त्याच्या बायकामुलांना गुलामीत विकलंय आणि त्याला मेला समजून टाकून दिलंय. ग्लॉकस वाचतो, ख्रिस्ती होतो. रोममध्ये तो जिवंत दिसताच खिलॉन काय करतो? हा माणूस विश्वासघातकी आहे असं भोळ्या उर्ससला सांगून त्याच्या हातून ग्लॉकसचा खून करवायला बघतो. ते फसतं. पुढे खिलॉन पकडला जातो, आता आपण मेलोच असं त्याला वाटतं आणि ग्लॉकस त्याला क्षमा करतो.

दुसरा एखादा लेखक इथेच त्याला सुधारून मोकळा झाला असता. शेंकेविचने तसं केलेलं नाही. क्षमा मिळूनही खिलॉन सुधरत नाही. लिजियाला पळवून आणायची मसलत तो विनिशियसला देतो, तेव्हा विनिशियस त्याला बेदम फटके मारवतो. तो अपमान खिलॉनच्या काळजात रुततो आणि त्याचा सूड म्हणून तो नीरोकडे जाऊन साऱ्या ख्रिस्ती वस्तीची नावं सांगतो. ज्यांनी आपल्याला सोडून दिलं, त्यांनाच तो सिंहांपुढे घालतो. नीरोच्या दरबारात त्याला मान मिळतो, मेजवान्या मिळतात. फक्त आखाड्यात बसून बघणं त्याला सोसत नाही.

मग ती बागेतली रात्र येते. वाटेच्या दोन्ही बाजूंना खांब, खांबांना बांधलेली माणसं, अंगाला डांबर, वर फुलांच्या माळा. नीरोचा रथ मधून जातोय, बरोबर खिलॉन आहे. एका खांबापाशी धूर बाजूला होतो आणि जळणाऱ्या माणसाचा चेहरा दिसतो. ग्लॉकस. तो खिलॉनकडे बघतो. खिलॉनला तिथून हलता येत नाही. तो ओरडतो: ख्रिस्ताच्या नावाने मला क्षमा कर! सगळे गप्प होतात. खांबावरचं डोकं किंचित हलतं आणि वरून क्षीण आवाज येतो, “क्षमा करतो.”

खिलॉन मातीत कोसळतो. उठतो तेव्हा तो भेकड खिलॉन राहिलेला नसतो. नीरोकडे बोट करून तो जमलेल्या रोमला ओरडून सांगतो की निष्पाप माणसं मरतायत, आग लावणारा हा आहे!

पुढे प्रेषित पौल त्याला कारंज्याच्या पाण्याने बाप्तिस्मा देतो. नीरोची माणसं त्याला पकडतात, शब्द मागे घे म्हणतात. तो घेत नाही. त्याची जीभ उपटतात आणि त्याला क्रुसावर चढवतात. जन्मभर जिभेवर जगलेल्या माणसाची जीभच जाते, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने खरं बोलून दाखवलेलं असतं.

हा प्रसंग इतका खरा वाटतो, कारण पहिली क्षमा वाया गेलेली आपण पाहिलेली असते. क्षमा केली की समोरचा सुधारतो, असा हिशेब लेखक मांडत नाही. ग्लॉकसला दुसऱ्यांदा क्षमा करताना कसलीही खात्री नाही, आपल्या क्षमेचं पुढे काय झालं ते त्याला कळायचंही नाही. तरी तो करतो. हजारोंना फाडून खाणारे सिंह, रानबैल, जळणारं शहर, या सगळ्या भव्य दृश्यांपेक्षा त्या एका शब्दात मला या कादंबरीचं बळ दिसतं.

आखाड्याची प्रकरणं मला लांबलेली वाटतात, हेही सांगायला हवं. एकामागून एक छळ इतक्या तपशिलात येतात की वाचकही प्रेक्षकांच्या सज्जात जाऊन बसतो.

(पडद्यावर: अप्पियन मार्ग. रस्ता जिथे फुटतो तिथलं लहानसं चर्च.)

‘क्वो वादिस’ म्हणजे लॅटिनमध्ये ‘कुठे चाललास?’. हे नाव आलंय ते एका जुन्या ख्रिस्ती दंतकथेवरून. अनुयायांच्या आग्रहामुळे म्हातारा प्रेषित पेत्र पहाटे रोम सोडून निघतो. अप्पियन मार्गावर त्याला समोरून ख्रिस्त येताना दिसतो. “कुठे चाललात, प्रभू?” पेत्र विचारतो. “तू माझ्या लोकांना सोडून चाललास, म्हणून मी पुन्हा क्रुसावर चढायला रोमला निघालोय.” पेत्र माघारी वळतो. शेंकेविचने इथे स्वतःची एक जागा घेतलीय. पेत्रासोबतच्या नाझारियस या मुलाला प्रकाशाखेरीज काही दिसलेलं नाही. पेत्राने विचारलेला तोच प्रश्न तो मुलगा आता पेत्राला विचारतो, कुठे चाललात? पेत्र म्हणतो, रोमला. बस्स, एवढंच.

या जागी आज जे चर्च आहे ते सतराव्या शतकातलं. रोममधल्या मुक्कामात शेंकेविचला हे ठिकाण सेमिराड्स्कीने दाखवलं होतं, मघाशी पाहिलेलं मशालींचं चित्र काढणाऱ्या पोलिश चित्रकाराने. शेंकेविचचा अर्धपुतळा आता त्याच चर्चमध्ये आहे.

शेंकेविचला 1905 चं नोबेल मिळालं. ते या एका पुस्तकाला मिळालं असं बरेच जण धरून चालतात, पण सन्मान त्याच्या एकूण महाकाव्यात्म लेखनाचा होता. पहिल्या महायुद्धात तो स्वित्झर्लंडमध्ये राहून पोलिश युद्धपीडितांसाठी मदत गोळा करत होता. 1916 च्या नोव्हेंबरमध्ये तिथेच वारला. पोलंड स्वतंत्र झाला 1918 मध्ये. 1924 मध्ये त्याचे अवशेष वॉर्साला आणले गेले.

वाचायला घ्याल तेव्हा पहिली चार-पाच प्रकरणं धीर धरा. नावं, पदव्या, देवता, जेवणाचे तपशील यांची गर्दी आहे आणि पेट्रोनियस स्नानगृहातून लवकर बाहेर पडत नाही. खिलॉन येईपर्यंत तरी पुस्तक खाली ठेवू नका. पुढे तोच तुम्हाला नेईल.