झुलतं टार्गेट: 'स्पेस मिशन' पिनबॉल आणि त्याचा बिंगोवाला भाऊबंद

नमस्कार मंडळी! आधी या पिनबॉल मशीनची ही उभी काच बघा, कॅमेरा जवळ नेतो. पिनबॉल म्हणजे उतरत्या फळीवर बॉल मारत गुण मिळवायचा खेळ. काचेवर चित्र आहे: अमेरिकेचं अपोलो आणि सोव्हिएतांचं सोयूझ. जुलै 1975 मध्ये ही दोन यानं खरोखरच अंतराळात जोडली गेली, अमेरिकेचे अंतराळवीर स्टॅफर्ड आणि सोव्हिएत अंतराळवीर लिओनोव्ह यांनी पृथ्वीभोवती फिरता फिरता हस्तांदोलन केलं. पुढच्याच वर्षी शिकागोच्या विल्यम्स कंपनीनं हे मशीन काढलं, 'स्पेस मिशन'.

आता मधोमध बघा. हे टार्गेट एका जागी थांबतच नाही, घड्याळाच्या लंबकासारखं डावीकडून उजवीकडे झुलतंय. आत्ता ते दिसतंय तिथं बॉल मारलात तर चुकलात! बॉल पोचेल तेव्हा ते कुठं असेल, ते ओळखून फ्लिपर, म्हणजे बॉल उडवणारी बटणावरची पट्टी, मारायचा. दोन यानं जोडतानाही नेमकं हेच साधावं लागतं. काचेवरचं चित्र असं खेळात उतरवलंय, म्हणून माझा या मशीनवर इतका जीव आहे.

याच घराण्यातलं दुसरं मशीन म्हणजे बिंगो पिनबॉल. बॅली कंपनीचं 'ब्राइट लाइट्स' आलं 1951 मध्ये. त्याला फ्लिपरच नाहीत. उतरत्या फळीवर 25 भोकं, प्रत्येकाला नंबर. सहसा पाच बॉल मिळतात. ज्या भोकात बॉल पडेल तो नंबर काचेवरच्या कार्डावर, म्हणजे आकड्यांच्या चौकटीत, उजळतो. तीन, चार किंवा पाच एका ओळीत आले की जिंकलात. बॉल सुटला की तुमच्या हातात उरतो फक्त मशीनला दिलेला हलका धक्का. तो जरा जोरात बसला की 'टिल्ट', डाव गेला! पुढच्या मशीनांत तर जास्त नाणी टाकली की बक्षीस वाढण्याची शक्यता असायची. जिंकलेल्या डावांच्या बदल्यात दुकानदार रोख पैसे द्यायचे. शेवटी 1957 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं अशी मशीनं जुगाराच्या करात बसतात असा निकाल दिला.

जुगाराचा शिक्का मात्र फ्लिपरवाल्यांनाही चिकटला होता. न्यूयॉर्कमध्ये 1940च्या दशकापासून पिनबॉलवर बंदी होती. हा नशिबाचा नाही, कौशल्याचा खेळ आहे हे दाखवायला 1976 मध्ये पिनबॉलचा तरबेज खेळाडू रॉजर शार्प शहराच्या कौन्सिलसमोर खेळला. आधी सांगितलं, बॉल मधल्या लेनमधून जाईल. प्लंजर, म्हणजे बॉल सोडायचा दांडा, ओढला, सोडला, आणि बॉल तिथूनच गेला. बंदी उठली!

'स्पेस मिशन' त्याच वर्षीचं. आत चिप नाही, सगळी कामं रिले (विजेवर चालणारे स्विच) आणि कॉइल (तारेची वेटोळी) करतात. गुण वाढले की आकड्यांचं चाक खट्टकन फिरतं. ऐका... ऐकलंत?

बॉल आला फ्लिपरवर. टार्गेट अजून डावीकडे आहे... थांबा... आत्ता!