रेबेका कधीच दिसत नाही

(दृश्य: लिहिण्याचं मेज. कप्प्यांवर सुबक अक्षरातल्या चिठ्ठ्या. टेलिफोन वाजतो.)

मँडर्लीच्या वाड्यातली नव्या मालकिणीची पहिली सकाळ. मेजाच्या प्रत्येक कप्प्यावर नवऱ्याच्या पहिल्या बायकोच्या हातची चिठ्ठी आहे. फोन वाजतो, कुणीतरी मिसेस डी विंटर यांना विचारतं. ही चाचरत सांगते, तुमची काहीतरी चूक होतेय, त्यांना जाऊन वर्ष उलटलं. रिसीव्हर खाली ठेवल्यावर तिच्या डोक्यात प्रकाश पडतो: मिसेस डी विंटर आता आपणच!

डॅफ्ने दु मॉरिए यांची ‘रेबेका’ ही कादंबरी १९३८ साली आली. लिहायला सुरुवात झाली इजिप्तमध्ये, अलेक्झांड्रियाला. पती लष्करी अधिकारी, त्यांची नेमणूक तिथे होती. लेखिकेचा जीव मात्र इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये अडकलेला. तिथल्या मेनाबिली या जुन्या घरावरून मँडर्ली उभं राहिलं. पुढे १९४३ मध्ये त्यांनी तेच घर भाड्याने घेतलं.

(दृश्य: रेनकोटच्या खिशातून निघालेला रुमाल.)

कथा सांगणाऱ्या बायकोला अखेरपर्यंत नाव नाही. जिला नाव आहे, ती रेबेका एकदाही समोर येत नाही. येतात तिच्या वस्तू: कवितांच्या पुस्तकावरची सही, रेनकोटच्या खिशातला लिपस्टिक लागलेला रुमाल. या तुकड्यांवरून नवी बायको एक सर्वगुणसंपन्न, नवऱ्याची लाडकी रेबेका मनाशी रचते. वाचकही रचतो, कारण त्याला दुसरं काही कळायची सोय ठेवलेली नाही. रहस्याचं मूळ या चुकीच्या समजुतीत आहे. मिसेस डॅनव्हर्स ही कारभारीण फक्त तिला खतपाणी घालते. वेशभूषेच्या समारंभासाठी भिंतीवरच्या चित्रातला पोशाख तीच सुचवते. तोच पोशाख आधीच्या समारंभात रेबेकाने घातलेला असतो.

शेवटाचा बराचसा भाग तर पहिल्याच पानांत सांगून टाकलाय: वाडा उद्ध्वस्त, नवरा-बायको परदेशात. मूळ खर्ड्यात हा मजकूर उपसंहार होता, लेखिकेने तो उचलून पुढे आणला. त्यामुळे दोघं जिवंत राहतात का, हा प्रश्नच उरत नाही. उरतं ते ‘असं झालं कसं?’

(कादंबरी वाचायची असेल, तर व्हिडिओ इथेच थांबवा.)

जवळजवळ दोन-तृतीयांश कादंबरी सरल्यावर नवरा, मॅक्सिम, कबूल करतो: रेबेकाचा खून त्यानेच केला आणि तिच्यावर त्याचं प्रेम कधी नव्हतंच. बायकोच्या मनात ठसतं ते दुसरं वाक्य. तिला हायसं वाटतं, आणि तिच्या नजरेतून बघायची सवय झालेले आपणही नकळत खुन्याच्या बाजूला जाऊन बसतो. चौकशीत बोट बांधणारा कारागीर साक्ष देतो की रेबेकाच्या बुडालेल्या बोटीच्या तळाला आतून भोकं पाडली होती. खरं बोलणारा तो एकटाच, आणि नेमका तोच आपल्याला नकोसा होतो.

(दृश्य: १९४० चं चित्रपटगृह.)

या कादंबरीवरच्या आल्फ्रेड हिचकॉक यांच्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. पण हॉलीवूडच्या तेव्हाच्या सेन्सॉर नियमांत बायकोला मारणारा नवरा मोकळा सुटणं बसत नव्हतं. म्हणून पडद्यावर रेबेका पडते, डोक्याला मार लागून मरते; मॅक्सिम फक्त प्रेत लपवतो. छायाप्रकाश देखणा आहे, मिसेस डॅनव्हर्स अंगावर काटा आणते. मात्र तो कारागीर साक्षीला उभा राहतो तेव्हा प्रेक्षकाला निर्दोष माणसाची काळजी वाटते. वाचकाला वाटते ती खुन्याची.