रुमाल कोणी टाकला? अमेरिकेच्या लाडक्या खेळांची गोष्ट

(मॅनहॅटनच्या आजच्या रस्त्यावरची गर्दी, टॅक्सींचे हॉर्न. आवाज हळूहळू विरत जातो.)

सप्टेंबर १८४४. याच बेटावर, सेंट जॉर्ज क्लबच्या मैदानात हजारो माणसं जमली आहेत. पैजा लागल्यात. सामना दोन देशांमधला आहे, अमेरिका विरुद्ध कॅनडा. मध्येच पाऊस येतो, खेळ लांबतो, आणि शेवटी कॅनडा जिंकतो. २३ धावांनी.

हो, धावांनीच. जगातला पहिला आंतरराष्ट्रीय क्रिकेट सामना लॉर्ड्सवर झाला नाही, मेलबर्नलाही नाही. तो न्यूयॉर्कमध्ये झाला. इंग्लंड-ऑस्ट्रेलियाची पहिली कसोटी व्हायला अजून ३३ वर्षं अवकाश होता.

मग हा खेळ इथून गेला कुठे?

याचं ठरलेलं उत्तर आपल्याकडेही सगळ्यांना पाठ आहे. अमेरिकन माणसाला धीर नाही, पाच-पाच दिवस कोण बसणार? मला हे उत्तर कधीच पटलं नाही. ज्या देशात बेसबॉलचा एकेक संघ एका मोसमात १६२ सामने खेळतो, तिथे धीराची टंचाई कशी म्हणायची? आणि अमेरिकन फुटबॉलचं प्रक्षेपण तीन तास चालतं. घड्याळ लावून मोजलं, तर त्यात चेंडू खरोखर हलतो तो जेमतेम ११ मिनिटं. बाकीचा वेळ उभं राहणं, घोळका करणं, आणि जाहिराती. अधीर माणसाने हे बघून दाखवावं.

मुंबईच्या लोकलने ज्यांनी आयुष्य काढलं आहे, त्यांना खरं कारण लवकर समजेल. खिडकीची जागा सगळ्यात लायक माणसाला मिळत नाही. गाडी नीट थांबायच्या आत जो खिडकीतून रुमाल टाकतो, त्याला मिळते.

(फिलाडेल्फियाच्या क्रिकेट क्लबची जुनी छायाचित्रं. पांढरे कपडे, झाडांची सावली.)

क्रिकेट अमेरिकेत लगेच संपलं नाही. फिलाडेल्फियात ते पहिल्या महायुद्धापर्यंत चांगलं जोरात होतं. तिथला बार्ट किंग आधी बेसबॉल खेळायचा. बेसबॉलमधली चेंडू वळवण्याची युक्ती त्याने क्रिकेटच्या चेंडूवर वापरली, आणि १९०८च्या इंग्लंड दौऱ्यात गोलंदाजीच्या सरासरीत सगळ्या इंग्लंडमध्ये पहिला आला. भल्याभल्या इंग्रज फलंदाजांना तो चेंडू कळत नव्हता.

पण हे क्रिकेट क्लबांचं होतं. सभासदांचं, हिरवळीचं, दुपारच्या चहाचं. त्याला राखलेली, रोलर फिरवलेली खेळपट्टी लागायची. बेसबॉलला लागायचं एक मोकळं रान आणि चार खुणा. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने १८४५मध्ये त्याचे नियम कागदावर उतरवले. पुढे १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं. छावण्यांमध्ये हजारो तरुण पोरं रिकाम्या वेळात बसलेली. एकाला खेळ येत होता, तो दहा जणांनी उचलला. युद्ध संपलं आणि ही पोरं आपापल्या गावी खेळ घेऊन गेली.

यातली गंमत पाहा. बेसबॉलला धंद्याचं रूप ज्याने दिलं, तो हॅरी राइट जन्माने इंग्रज, शेफील्डचा. सेंट जॉर्ज क्लबात तो क्रिकेटचा पगारी खेळाडू होता. त्यानेच १८६९मध्ये सिनसिनाटीला पहिला उघडउघड पगारी बेसबॉल संघ उभा केला. गावोगाव फिरून खेळलेला हा संघ त्या वर्षी एकही सामना हरला नाही. वर्तमानपत्रातून हा खेळ घराघरांत नेणारा हेन्री चॅडविक हाही इंग्रज, आणि मुळात क्रिकेटचा बातमीदार. बेसबॉलचा आकड्यांचा तक्ता त्याने रूढ केला, तो क्रिकेटच्या गुणपत्रिकेवरून बेतलेला. म्हणजे क्रिकेटची जागा ज्यांनी घेतली, ते बरेचसे क्रिकेटच्याच घरातले होते!

चॅडविक प्रामाणिकपणे सांगायचा की बेसबॉल इंग्लंडच्या राउंडर्स या खेळातून आला. अल्बर्ट स्पॉल्डिंगला हे खपेना. स्पॉल्डिंग पूर्वीचा खेळाडू आणि आता खेळाच्या सामानाचा बडा व्यापारी. त्याच्या आग्रहावरून एक समिती बसली, आणि १९०७च्या अखेरीस तिने निकाल दिला: हा खेळ ॲब्नर डबलडे यांनी १८३९मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन गावी शोधला. डबलडे यादवी युद्धातला नावाजलेला सेनापती. पण १८३९मध्ये तो वेस्ट पॉइंटच्या लष्करी शाळेत शिकत होता, आणि आपण असा काही खेळ शोधल्याचं त्याने कधी म्हटलेलं नाही. इतिहासकारांनी ही कथा केव्हाच निकालात काढली. तरी बेसबॉलचं मानाचं संग्रहालय १९३९मध्ये उघडलं, ते कूपर्सटाउनलाच. स्थळपुराण एकदा रुजलं की देऊळ हलत नाही, हे आपल्याला कोण सांगायला हवं?

समितीच्या त्या निकालानंतर दोनच वर्षांनी, १९०९मध्ये, क्रिकेटने स्वतःच्या हाताने दार लावून घेतलं. आजच्या आयसीसीचा जन्म तेव्हाचा. नावच होतं इम्पीरियल क्रिकेट कॉन्फरन्स. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका. सभासदत्व साम्राज्यातल्या देशांनाच. बार्ट किंगचा देश बाहेर.

(बर्फाने झाकलेलं मॅसॅच्युसेट्समधलं स्प्रिंगफील्ड.)

बेसबॉलने उन्हाळा धरला. कॉलेजांच्या फुटबॉलने शरद ऋतू धरला. मग राहिलं काय? कडाक्याची थंडी, आणि कोंडून पडलेली पोरं. डिसेंबर १८९१मध्ये स्प्रिंगफील्डच्या वायएमसीएच्या शाळेत जेम्स नेस्मिथ या कॅनडियन शिक्षकाला वरून सांगण्यात आलं, की हिवाळ्यात छपराखाली खेळता येईल असं काहीतरी काढ. त्याने सज्जाला पीचच्या दोन करंड्या ठोकल्या आणि १३ नियम लिहिले. बास्केटबॉल! एखादा खेळ रिकामी जागा बघून, तिच्या मापाने शिवला गेल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं सापडायचं नाही.

पण जागा मिळाली म्हणून लोक बघतील असं नाही. २२ नोव्हेंबर १९५०. फोर्ट वेन विरुद्ध मिनियापोलिस, व्यावसायिक बास्केटबॉल. अंतिम गुणसंख्या १९-१८. आघाडी मिळाली की चेंडू धरून ठेवायचा, नियमात बसतंच. तिकीट काढून आलेल्या माणसाने काय बघायचं? यावर उपाय काढण्यात पुढाकार होता सिराक्यूस संघाचा मालक डॅनी बियासोन याचा. हा पिना पाडायच्या बोलिंगचा अड्डा चालवणारा गृहस्थ. त्याने सरळ हिशेब मांडला. ज्या सामन्यांत मजा येते, त्यांत दोन्ही संघ मिळून साधारण १२० वेळा चेंडू टाकतात. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंद. भागिले १२०. चोवीस. १९५४पासून नियम झाला: २४ सेकंदांत चेंडू टोपलीकडे टाका, नाहीतर समोरच्याला द्या. खेळ वाचला तो या भागाकाराने.

आता मुख्य पात्राकडे येऊ.

१९०५मध्ये अमेरिकन फुटबॉल बंद करायची भाषा चालली होती. त्या मोसमात खेळताना डझनाहून जास्त तरुण दगावले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी कॉलेजवाल्यांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून समज दिली. पुढच्या वर्षी चेंडू हाताने पुढे फेकायला परवानगी मिळाली. नुसती रेटारेटी कमी झाली, खेळ मोकळा झाला. तरी फुटबॉल म्हणजे कॉलेजचा. पगारी फुटबॉलची लीग १९२०मध्ये ओहायोतल्या कँटन गावी जन्मली ती एका मोटारींच्या शोरूममध्ये, आणि पुढची तीसेक वर्षं तिला फारसं कोणी विचारत नव्हतं. गॅलप या जनमत चाचणी घेणाऱ्या संस्थेने १९३७मध्ये लोकांना आवडता खेळ विचारला, तेव्हा ३४ टक्क्यांनी बेसबॉल सांगितला, २३ टक्क्यांनी फुटबॉल.

मग घरात टीव्ही आला.

(२८ डिसेंबर १९५८, यँकी स्टेडियम. कृष्णधवल चित्रफीत.)

बाल्टिमोर विरुद्ध न्यूयॉर्क, पगारी फुटबॉलचा अंतिम सामना. बरोबरी होते, जादा वेळ द्यावा लागतो, बाल्टिमोर २३-१७ने जिंकतं. देशभर कोट्यवधी लोक आपापल्या दिवाणखान्यात बसून बघतात. टीव्हीच्या चौकटीत हा खेळ अगदी फिट बसतो, हे सगळ्यांच्या तेव्हा लक्षात आलं. दर झटापटीनंतर खेळ थांबतो. त्या फटीत जाहिरात बसते, समालोचकाचं विश्लेषण बसतं. ७ डिसेंबर १९६३ला लष्कर विरुद्ध नौदल सामन्यात टोनी व्हर्ना या दिग्दर्शकाने त्याच फटीत नुकताच गुण मिळाल्याचा क्षण पुन्हा दाखवला. समालोचकाला घाईघाईने सांगावं लागलं, की लष्कराने पुन्हा गुण मिळवलेले नाहीत, हे मघाचंच आहे!

पण चौकटीत बसणं हे अर्धंच कारण. उरलेलं अर्धं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि ते मैदानाबाहेरचं आहे.

१९६०मध्ये पीट रोझेल हा ३३ वर्षांचा माणूस एनएफएलचा, म्हणजे कँटनला जन्मलेल्या त्या पगारी लीगचा, प्रमुख झाला. त्याने न्यूयॉर्क, शिकागोच्या गबर मालकांना पटवलं, की टीव्हीचे हक्क एकत्र विकू आणि पैसा सारखा वाटू. न्यायालयाने हरकत घेतली, तेव्हा संसदेकडून कायदा करून घेतला. ३० सप्टेंबर १९६१ला राष्ट्राध्यक्ष केनेडींची सही झाली. त्याचा अर्थ असा, की विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बे या लाखभर वस्तीच्या गावाला, जिथला संघ गावकऱ्यांनीच शेअर घेऊन चालवलेला आहे, टीव्हीचा तेवढाच चेक मिळणार जेवढा न्यूयॉर्कला. बेसबॉलमध्ये मोठ्या शहराचा संघ स्थानिक टीव्हीची कमाई मुख्यतः स्वतःकडे ठेवत राहिला, त्यामुळे त्याचा चाहताही आपल्या शहरापुरता उरला. फुटबॉलचा चाहता रविवारी कुठलाही सामना लावून बसतो.

याच कायद्यात एक बारीक कलम आहे. शाळा-कॉलेजांच्या मोसमात शुक्रवार रात्र आणि शनिवार या वेळेत पगारी फुटबॉल टीव्हीवर आणून त्यांचे प्रेक्षक पळवायचे नाहीत. शुक्रवार शाळांचा, शनिवार कॉलेजांचा, रविवार पगारी संघांचा. भावाभावांत आठवड्याची वाटणी! टेक्सासमधलं मूल शुक्रवारी शाळेच्या मैदानावर आजोबांच्या शेजारी बसतं, आणि रविवारपर्यंत त्याच्या डोळ्यांपुढून हा खेळ हलत नाही. १९७२मध्ये गॅलपच्या यादीत फुटबॉल बेसबॉलच्या पुढे गेला. २०२३च्या डिसेंबरात आकडे होते: फुटबॉल ४१ टक्के, बेसबॉल १०, बास्केटबॉल ९. सॉकर, म्हणजे आपला फुटबॉल, ५.

सॉकरच्या पाच टक्क्यांवर हसू नका. १९९४चा विश्वचषक अमेरिकेत झाला, तेव्हा दर सामन्याला सरासरी जवळपास ६९ हजार लोक आले. तो उच्चांक त्या स्पर्धेत २०२२पर्यंत तरी मोडलेला नव्हता. आवड आहे, पण ४५ मिनिटं न थांबणाऱ्या खेळात जाहिरात घालायची कुठे, हा प्रश्न टीव्हीवाल्यांना बरीच वर्षं सुटत नव्हता.

आणि कधी नुसतं नशीब असतं. १८ फेब्रुवारी १९७९, फ्लोरिडातली डेटोना ५०० शर्यत. ५०० मैलांची ही शर्यत पहिल्यांदाच पूर्ण, थेट दाखवली जात होती. दक्षिणेतल्या मोटारवाल्यांचा हा शौक, एरवी ईशान्येतल्या शहरी माणसाने ढुंकून पाहिला नसता. पण त्या दिवशी तिकडे तुफान बर्फ पडलं आणि माणसं घरात अडकली. शेवटच्या फेरीत पुढच्या दोन गाड्या एकमेकींना धडकल्या, मागचा रिचर्ड पेटी जिंकला, आणि धडकलेले ड्रायव्हर खाली उतरून हाणामारीला लागले. फुकटात कुस्तीसुद्धा! त्या एका दुपारने नॅसकारला, म्हणजे या मोटार शर्यतींना, अर्धा देश मिळवून दिला.

नशिबाशिवायही जागा मिळते, पण वेळ लागतो. शिक्षणसंस्थांत मुलींना बरोबरीची संधी देणारा कायदा १९७२चा. २०२४मध्ये कॉलेज बास्केटबॉलचा महिलांचा अंतिम सामना १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला, पुरुषांचा १ कोटी ४८ लाखांनी. आयोवाकडून खेळणाऱ्या केटलिन क्लार्कचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. मध्ये ५२ वर्षं गेली होती.

(टेक्सास. ग्रँड प्रेअरी स्टेडियम, दिव्यांच्या झोतात.)

६ जून २०२४. डॅलसजवळचं हे मैदान मूळचं बेसबॉलचं. तिथला संघ गेला, आणि जागा क्रिकेटने घेतली. टी-ट्वेंटी विश्वचषकात अमेरिका आणि पाकिस्तान दोघांच्या १५९ धावा. सुपर ओव्हर टाकायला चेंडू कोणाच्या हातात, तर सौरभ नेत्रावळकरच्या. मुंबईचा पोरगा, भारताकडून १९ वर्षांखालील विश्वचषक खेळलेला, पुढे शिकायला अमेरिकेत गेलेला, आणि पोटापाण्यासाठी ओरॅकलमध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअर. अमेरिका जिंकली. सहा दिवसांनी न्यूयॉर्कजवळ त्याने विराट कोहलीला पहिल्याच चेंडूवर घरी पाठवलं, आणि मग रोहित शर्मालाही. रोहितचा झेल घेणारा हरमीतसिंगही मुंबईचाच.

गाडीत चौथ्या सीटवर अर्धं अंग बाहेर ठेवून बसलेला माणूस कसा असतो, तसं अमेरिकेतलं क्रिकेट आज आहे. न्यूयॉर्कजवळचं ते ३४ हजारांचं स्टेडियम तात्पुरतं होतं. स्पर्धेतले तिथले सामने आटोपताच सांगाडा उतरवायला सुरुवात झाली. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट १२८ वर्षांनी परत येतंय. जागा ठरली आहे ती पोमोनाची, जिथे एरवी जिल्ह्याची जत्रा भरते.

तिथलं स्टेडियमही तात्पुरतंच असणार आहे.