गॅलरी कोणाच्या नावावर?

(गिरगावातील एका वसंत व्याख्यानमालेत दिलेलं भाषण, थोडं संपादित करून)

नमस्कार. पंखा जरा कमी करा, कागद उडतायत. संयोजकांनी विषय दिलाय ‘गिरगावचा पुनर्विकास : काल, आज आणि उद्या’. उद्याचं मला ठाऊक नाही. आजचं एवढं कळलं की इथल्या निम्म्या मंडळींच्या पिशवीत बिल्डरच्या कराराचा मसुदा आहे. मघाशी चहाच्या वेळी तिघांनी तो मला दाखवला. तेव्हा मसुद्याबद्दलच बोलू.

आधी एक कबुली देऊन टाकतो. मी आर्किटेक्ट. इथल्याच एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर वाढलो आणि लग्नानंतर, 1986 साली, बोरिवलीला बिऱ्हाड हलवलं. पाडव्याच्या शोभायात्रेला फेटा बांधून येतो, पियूष पितो, गळा काढतो आणि लोकल पकडून परत जातो. त्यामुळे ‘चाळ सोडू नका’ असं सांगायचा मला अधिकार नाही. सकाळी सात वाजता शेवटच्या संडासासमोर बादली घेऊन जो उभा राहिलाय, तो असं कोणाला सांगणारही नाही.

चाळी इतक्या मोडकळीला का आल्या, याचं उत्तर भाडेपावतीत आहे. 1 सप्टेंबर 1940 ला जे भाडं होतं, त्याला 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं खुंटी मारली. त्या वेळी ते बरोबरच होतं, नाहीतर निम्मं गिरगाव रस्त्यावर आलं असतं. पण खुंटी काढायचं कोणाच्या मनात आलं नाही. मालकानं डागडुजी सोडली, इमारती कोसळायला लागल्या, तेव्हा 1969 मध्ये सरकारनं दुरुस्ती मंडळ काढून उपकर लावला. असा उपकर भरणाऱ्या इमारतींच्या यादीत तेव्हा 19,642 इमारती होत्या. 1997 साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं की ही गोठवलेली भाडी आता वाजवी राहिलेली नाहीत. मग 1999 चा कायदा आला. पागडीला, म्हणजे खोली घेताना द्यायच्या एकरकमी पैशाला, कायद्याची मान्यता मिळाली आणि भाडं वर्षाला 4 टक्के वाढवायची मुभा. चार टक्के कशाचे? आमचं भाडं 45 रुपये होतं. म्हणजे वाढ एक रुपया ऐंशी पैसे. एवढ्यात तुळईला रंगही लागत नाही. मालकाला शिव्या घालणं सोपं आहे, मीही घातल्यात, पण हा हिशोब त्याच्या बाजूनं एकदा करून बघावा.

पुढचं तुम्हाला तोंडपाठ आहे. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 33(7) खाली एकेक इमारत, 33(9) खाली समूह पुनर्विकास, त्याला शहर भागात किमान 4000 चौरस मीटरचा भूखंड. खोली कितीही लहान असो, किमान 300 चौरस फूट कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापराची जागा. वरचे मजले विकून बिल्डर आपला खर्च आणि नफा काढतो. शिवाय ऑक्टोबर 2025 पासून खालून मेट्रो धावतेय, गिरगाव स्टेशन झालंय. भाव कुठे चाललेत ते मी सांगायला नको.

आता माझा मुद्दा. गेल्या महिन्यात मी आमच्या जुन्या चाळीत टेप घेऊन गेलो. मजल्यावर दहा खोल्या, प्रत्येक दहा बाय बारा. म्हणजे 120 चौरस फूट. बाहेरची गॅलरी चार फूट रुंद, शंभर फूट लांब. चारशे चौरस फूट! वरच्या तीन मजल्यांचे मिळून बाराशे. खालचा चौक वेगळाच. मसुद्यात 120 चे 300 झाले, बढिया, पेढे वाटले. पण बाराशेचं काय झालं? शोधा. कुठेही नाही. कारण गॅलरी कोणाच्याच नावावर नव्हती. भाडेपावतीवर खोली क्रमांक असतो, गॅलरी नसते.

आणि आपण राहत कुठे होतो? खोलीत फक्त झोपायचो. तेही सगळे नाही. आमचे आजोबा बाहेर खाटेवरच झोपायचे. 1979 च्या पावसाळ्यात रात्री अडीचला वडिलांच्या छातीत कळ आली. आईनं हाका मारल्या नाहीत, तिनं पातेल्याचं झाकण कठड्यावर आपटलं. दोन मिनिटांत सात दारं उघडली. वडिलांना वेताच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचललं. आमचा जिना लाकडी, अरुंद आणि वळणावर अवघड, पण तिथे खुर्ची कुठल्या बाजूला कलती करायची, हे कोणाला सांगावं लागलं नाही. त्याच वळणावरून त्यांनी वर्षानुवर्षं लोकांची कपाटं उतरवली होती. वडील पुढे अठरा वर्षं जगले.

आता टॉवरमधली लॉबी आठवा. दोन्ही बाजूंना बंद दारं, दिवसाही ट्यूबलाइट, उजेड नाही की वारा नाही. तिथे मेथी निवडत कोण बसेल? आणि बसायचं म्हटलं तरी बसता येणार नाही. जिना आणि लॉबी मोकळी हवी, हे अग्निशमन दलाचं म्हणणं रास्तच आहे. त्यामुळे ‘लॉबी रुंद द्या, आम्ही खाट टाकू’ असला हट्ट धरू नका. गॅलरीची जागा वेगळी मागा. खिडक्या असलेली, खालच्या मजल्यावरची, बांधीव. कराराच्या नकाशात ती लाल रेघेनं दाखवून घ्या, तिचं क्षेत्रफळ लिहून घ्या. बिल्डर म्हणेल, देऊ की, बघू नंतर. त्याला ती विकता येत नाही, म्हणून ‘नंतर’.

चौकाचंही तसंच. केशवजी नाईक चाळीत 1893 पासून गणपती बसतो. माझं मत असं की चाळींच्या मध्ये मोकळी जागा होती, म्हणून घरातला गणपती चारचौघांचा होऊ शकला. तुमच्या नकाशात ती जागा पोडियमवर, म्हणजे टॉवरच्या पायथ्याच्या उंच चौथऱ्यावर, आहे का, आणि विक्रीच्या टॉवरमधल्या लोकांइतकाच तुमचा तिच्यावर हक्क आहे का, एवढं वाचा. बऱ्याचदा रिहॅबचं, म्हणजे जुन्या भाडेकरूंच्या इमारतीचं, गेट गल्लीत आणि सेलचं, म्हणजे विक्रीच्या टॉवरचं, रस्त्यावर असतं.

समूह पुनर्विकासासाठी भेंडीबाजाराचं उदाहरण नेहमी दिलं जातं. साडेसोळा एकर, अडीचशेच्या आसपास इमारती, 2020 मध्ये पहिले दोन टॉवर तयार. पण तिथे एका समाजाचा एक ट्रस्ट आहे, लोकांना सांभाळणं हे त्याचं कामच आहे. आपल्याकडे ट्रस्ट कुठला? आपल्याकडे कमिटी आहे आणि कमिटीत भांडणं आहेत. हसू नका, मी आमच्या कमिटीत सहा वर्षं काढलीत.

आणखी एक गोष्ट, मग संपवतो. कॉर्पस, म्हणजे पुढच्या मेंटेनन्ससाठी बिल्डर घरटी देतो ती एकरकमी ठेव. समजा घरटी पाच लाख मिळाले, व्याज 7 टक्के. वर्षाचे 35 हजार, म्हणजे महिन्याला तीन हजार सुद्धा धड नाहीत. तीन लिफ्ट, पंप, जनरेटर, वॉचमन, आग विझवायची यंत्रणा धरून मेंटेनन्स आला सात हजार. उरलेले चार हजार पेन्शनमधून काढायचे. ज्यांना जमत नाही ते वर्ष-दोन वर्षांत घर विकून डोंबिवलीला जातात. त्यांना कोणी हाकललेलं नसतं. म्हणून मेंटेनन्सचा अंदाज आत्ता लेखी मागा, रिहॅबचा खर्च वेगळा दाखवायला सांगा, लिफ्टचे मीटर वेगळे मागा. कॉर्पसचा आकडा त्यानंतर ठरवा. सध्या तो शेजारच्या वाडीला किती मिळाले यावरून ठरतोय.

मागून कोणी तरी विचारतंय, गॅलरी मोजायची कशी. टेप मी आणलीये, तीस मीटरची. तुमच्या कमिटीची बैठक उद्या अकराला आहे ना? मी साडेनऊला खाली चौकात येतो. दुसरं टोक धरायला कोणी तरी तरुण पोरगा पाठवा, माझे गुडघे आता तीन जिने चढत नाहीत.