पाण्याशी न जमणारे द्रव्य

जळगावच्या एखाद्या खानावळीत शेवभाजीचे ताट समोर येते, तेव्हा रश्श्यावर तरंगणारी लालभडक तर्री आधी डोळ्यांत भरते. मिरचीचा तो रंग आणि तिखटपणा रश्श्याच्या पाण्यात फारसा उतरत नाही. दोन्ही तेलात विरघळतात आणि तेलाबरोबर वर येऊन थांबतात. तेल, तूप, मेण, चरबी, कोलेस्टेरॉल ही सर्व द्रव्ये मेद किंवा लिपिड या एकाच वर्गात मोडतात, आणि सजीवांच्या शरीरात ती जी कामे करतात, त्यांतील बहुतेक पाण्याशी न जमण्याच्या या स्वभावातूनच निघतात.

वेचणीच्या दिवसांत बोंडातून नुकताच काढलेला कापसाचा पुंजका पाण्यात टाकून पाहावा. तो तरंगत राहतो. औषधाच्या दुकानातील कापूस मात्र लगेच भिजून तळाला जातो. धागा दोन्हींचा सेल्युलोजचाच, परंतु कच्च्या धाग्यावर मेणाचा अतिशय पातळ थर असतो आणि दवाखान्यासाठीच्या कापसावरून तो अल्कलीच्या द्रावणात उकळून काढलेला असतो. रावेर-यावलच्या बागांमध्ये केळीच्या पानावरून पावसाचे थेंब घरंगळतात, तेही मेणामुळेच.

मात्र या स्वभावाचे सर्वांत मोठे कार्य डोळ्यांना दिसत नाही. फॉस्फोलिपिड नावाच्या मेदाच्या रेणूला पाण्याकडे ओढ असलेले एक डोके आणि पाणी टाळणाऱ्या दोन शेपट्या असतात. असे असंख्य रेणू पाण्यात एकत्र आले की शेपट्या आत आणि डोकी बाहेर ठेवून आपोआप दुहेरी थर रचतात, आणि प्रत्येक जिवंत पेशीला आत-बाहेर हा भेद देणाऱ्या पटलाचा पाया बहुतेक सजीवांत हाच थर असतो. 1925 मध्ये नेदरलँड्समधील खॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींतील मेद वेगळा करून पाण्यावर पसरला, तेव्हा त्याने व्यापलेली जागा पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट भरली. त्यांच्या मोजमापात दोन चुका होत्या आणि त्या एकमेकींना छेद देऊन गेल्या, हे पुढे उघड झाले. निष्कर्ष मात्र टिकला.

हे पटल प्रवाही राहावे लागते. थंडीत खोबरेल तेल गोठते, पण त्याच फळीवरचे शेंगदाण्याचे तेल पातळच राहते, कारण त्यातील बहुतांश मेदाम्लांच्या, म्हणजे मेदाच्या रेणूंना शेपट्या पुरवणाऱ्या आम्लांच्या, साखळ्यांना कार्बनच्या अणूंमधील दुहेरी बंधामुळे बाक आलेला असतो आणि त्या एकमेकींना घट्ट बिलगू शकत नाहीत. पटलाचा प्रवाहीपणाही अशाच बाकदार साखळ्यांवर अवलंबून असतो. प्राण्यांच्या पेशींत तो सांभाळण्यास कोलेस्टेरॉल मदत करते. हे नाव आपल्याला रक्त तपासणीच्या कागदावरच भेटते, ही खेदाची गोष्ट आहे. कारण पित्ताम्ले, लैंगिक संप्रेरके आणि त्वचेत उन्हाने तयार होणारे ड जीवनसत्त्व या सर्वांची घडण कोलेस्टेरॉलच्याच सांगाड्यावर झालेली असते.

खानदेशी भरितात कांद्याची पात तेलासह येते, यात चवीपलीकडचाही लाभ आहे. पातीतील कॅरोटीन आणि के जीवनसत्त्व मेदात विरघळणारे असल्यामुळे सोबत तेल असले की ते आतड्यात अधिक चांगले शोषले जाते. शिवाय काही मेदाम्ले आपले शरीर स्वतः बनवू शकत नाही. 1929 मध्ये बर दांपत्याने उंदरांना मेदविरहित आहार देऊन ही गरज प्रथम दाखवली. त्यांतील लिनोलेइक आम्ल सरकीच्या तेलात जवळजवळ निम्मे असते.

एक ग्रॅम मेदातून सुमारे 9 किलोकॅलरी ऊर्जा मिळते, तर तेवढ्याच पिष्टातून सुमारे 4. लहानशा बीला ही शिदोरी सोयीची, म्हणूनच शेंगदाण्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तेलाचा असतो. मृगाच्या पावसानंतर सरकी रुजते, तेव्हा बीजदलांतील तेलापासून साखर तयार होते; मेदाम्लांपासून अशी साखर घडवणे माणसाच्या शरीराला जवळजवळ साधत नाही. पहिली पाने हिरवी होऊन ऊन वापरू लागेपर्यंत ते कोवळे रोप याच साठ्यावर वाढत असते.