खुबा अडला की कंबर राबते

कंबर दुखते तिथेच आपण शेकतो, तिथेच मलम चोळतो, पट्टाही तिथेच बांधतो. आज थोडं पुढे आणि खाली येऊ या, जांघेत, खुब्याच्या सांध्याशी.

इथे खोलवर सोअस नावाचा जाड स्नायू आहे. बरगड्यांच्या शेवटच्या मणक्यापासून कमरेच्या पाचही मणक्यांना आणि त्यांच्यामधल्या चकत्यांना धरत तो खाली उतरतो आणि मांडीच्या हाडाला वर, आतल्या अंगाने चिकटतो. म्हणजे एक टोक कमरेत, दुसरं मांडीत. मांडी पोटाकडे उचलणं हे त्याचं काम. खुर्चीत खुबा सुमारे ९० अंशांत दुमडलेला असतो. रोजचे आठ-दहा तास तसेच गेले, की तो पूर्ण उघडायची वेळच येत नाही.

चालताना मागचा पाय धडाच्या मागे साधारण १० ते २० अंश जावा लागतो. खुबा तेवढा उघडला नाही म्हणून पाऊल काही थांबत नाही. ओटीपोटाचं हाड पुढे कलतं आणि उरलेले अंश कमरेचे मणके मागे वाकून भरून काढतात. मणक्यांमागचे छोटे सांधे पावलागणिक एकमेकांवर दाबले जातात. अशी कंबर बराच वेळ उभं राहिलं किंवा पालथं झोपलं की दुखते आणि गुडघे पोटाशी घेतले की निवते. मात्र साठीनंतर चालताना पायांत गोळे येत असतील, पाय जड होत असतील आणि बसल्यावर बरं वाटत असेल, तर मज्जारज्जूची वाट अरुंद झाली आहे का, हे डॉक्टरांकडून आधी तपासून घ्या.

आपला खुबा आखडलाय का, हे घरी पाहता येतं. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलचे हाडांचे डॉक्टर ह्यू ओवेन थॉमस यांनी सांगितलेली ही तपासणी आजही वापरात आहे. जमिनीवर उताणे झोपा. एक गुडघा दोन्ही हातांनी छातीकडे ओढा, पण कंबर जमिनीला टेकेपर्यंतच. त्यापुढे ओढलात तर ओटीपोट मागे फिरतं आणि चांगला खुबाही आखडलेला दिसतो. आता दुसरी मांडी बघा. ती जमिनीवरून उचलली गेली, तर त्या बाजूचा खुबा पूर्ण उघडत नाही.

ताण द्यायला एक गुडघा घडी घातलेल्या चादरीवर टेका, दुसरं पाऊल पुढे. इथे बहुतेक जण लगेच पुढे झुकतात, कमरेला बाक येतो आणि ताण जांघेऐवजी कमरेवर पडतो. सूर्यनमस्कारातल्या अश्वसंचालनात मान मागे टाकण्याच्या नादात हेच होतं. म्हणून आधी टेकलेल्या बाजूचा कुल्ला घट्ट आवळा, बेंबीखालचा भाग वर ओढून घ्या, आणि मग दोन-चार बोटंच पुढे सरका. जांघेत ओढ जाणवली की ३० सेकंद थांबा. दोन्ही बाजूंना तीन-तीन वेळा, रोज. कमरेत कळ आली तर मागे या.

खुबा बाहेरच्या बाजूला फिरत नसेल, तर अडचण उलटी असते. मांडी घालून बसलं की गुडघे खुब्यांपेक्षा वर राहतात, ओटीपोट मागे लोळतं, कमरेला पोक येतो. इथे पाठ ताठ ठेवायचा आग्रह धरू नका. पाटावर किंवा घडी केलेल्या सतरंजीवर बसा, कुल्ले गुडघ्यांपेक्षा वर येतील इतकं उंच.

सगळी कंबरदुखी खुब्यामुळे नसते. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणं, जांघांच्या आतल्या भागाला बधिरपणा येणं, पायातला जोर वाढत्या वेगाने जाणं ही लक्षणं दिसली, तर व्यायाम नाही, त्याच दिवशी रुग्णालय.

नुसत्या ताणाने मिळालेली मोकळीक टिकत नाही. खुबा मागे नेणारे कुल्ल्यांचे स्नायू कमजोर असतील तर कंबर पुन्हा मदतीला धावते. उताणे झोपून गुडघे वाकवा, टाचा जमिनीत रोवा, कुल्ले आवळून वर उचला, पाच सेकंद थांबा, सावकाश खाली या. दहा वेळा, दोन फेऱ्या. वर असताना मांडी आणि धड एका रेषेत हवं. त्याहून वर उचललंत, तर काम पुन्हा कमरेनेच केलं.